विडा थुंकलेला प्रधान

एका राज्यात म्हातारे मरायचे थांबले होते.

उघड्या चौकात भर दुपारी दरबार भरे, आणि एकेका म्हाताऱ्याच्या पायाशी दोन-दोन, तीन-तीन सावल्या पडत. एक त्याची स्वतःची, वाकलेली. बाकीच्या पोरांच्या, दोन वेण्यांच्या, हातात गोफण धरलेल्या. म्हातारे त्यांच्यावर पाय पसरून बसत आणि म्हणत, हल्लीच्या पोरांत दम नाही.

दम राहील कुठून. त्या राज्यात पोराची आधी सावली जाई, मग आवाज जाई. मग येत्या अवसेला ते पोर उठून वेशीबाहेर चालू लागे आणि तिथं मेलेल्यांच्या घोळक्यात जाऊन उभं राही. आईनं हाक मारली तर मान वळवी, पण ओळख देत नसे.

त्या राज्यात म्हाताऱ्या रंगाऱ्याची थोरली लेक होती, रेवंती. गुरुजींनी तिला पाठशाळेतून हाकललं होतं, कारण तिनं विचारलं होतं, "तुम्हाला तीन सावल्या कशा?" तिची धाकटी बहीण कुंदा. कुंदाची सावली सुगीतच गेली होती, आज सकाळी आवाजही गेला. उद्या अवस.

रेवंती उठली ती वेशीबाहेरच्या बारवेवर गेली. तिथं तमोनाथ मांत्रिक राही. बोलताना त्याचे ओठ हलत नसत, आवाज पाण्याच्या तळातून येई.

"बहिणीची सावली दे," रेवंती म्हणाली.

"मी चोर नाही. मी चाकरी करतो, करारानं. तुमच्या प्रधानानं येऊन करार बदलला, राजाच्या नावानं. म्हाताऱ्यांना मरण नको, बदल्यात पोरांच्या सावल्या."

"प्रधानाला तो अधिकार होता का?"

बारवेतलं पाणी एक पायरी वर चढलं.

"हे आजवर कुणी विचारलं नव्हतं," तमोनाथ म्हणाला. "तीन गोष्टी आण. मूळ शब्द ऐकलेला साक्षीदार. बदल बोलणाऱ्याची कबुली. आणि खुद्द राजाचा नकार."

साक्षीदार होता वेशीच्या कमानीत घरटं केलेला पिंगळा. रेवंतीनं विचारलं, आणि त्यानं डोळे न उघडता सांगितलं, "तमोनाथानं मेलेल्यांना वेशीबाहेर ठेवायचं. राजानं सुगीचं पहिलं कणीस द्यायचं. पोरांचं नाव निघालं नव्हतं."

"मग इतके दिवस गप्प का बसलास?"

"म्हाताऱ्यांनी विचारलं नाही. पोरांना विचारायला आवाज उरला नाही." एवढं बोलून पिंगळा तिच्या खांद्यावर येऊन बसला.

प्रधान दीर्घदत्त लोडाला टेकला होता. त्याच्या पायाशी दोन लहान सावल्या त्याचेच पाय चेपत होत्या.

त्या राज्याची रीत अशी, की राजा ज्याला आपल्या हातचा विडा देई, तो विडा तोंडात असेतो राजाचं तोंड. विडा गेला की तो आपल्या घरचा माणूस.

"प्रधानजी, करार बदललात तेव्हा विडा तोंडात होता?"

"कुणाची गं तू?"

"रंगाऱ्याची."

"असं होय. बाप बरा तुझा, खाली मान घालून बोलतो."

"विडा, प्रधानजी."

"अगं, दात कुठं आहेत मला? सुपारी टोचली, वेशीतच थुंकला. राजानं धाडलं होतं कणसाची सूट मागण्यापुरतं, दुष्काळ होता म्हणून. म्हटलं, जातोच आहे तर वडीलधाऱ्यांचंही बघून घ्यावं. आमच्या पिकल्या केसांच्या शब्दाला विडा लागतो होय?"

"लागतो," रेवंती म्हणाली. पिंगळ्यानं ऐकून ठेवलं.

उरला राजा वीरकेतू.

"महाराज, प्रधान विडा थुंकून बोलला. तो शब्द आपला नव्हता, एवढं म्हणा."

"मी तरी कुठं हो म्हटलं होतं?"

"सावल्या घेतल्यात. फळ खाल्लंत, तोच होकार झाला. आता नकार द्यायचा तर खाल्लेलं परत द्यावं लागेल."

राजानं पायाशी पाहिलं. तिथल्या सावल्यांनीही वर पाहिलं.

"परत दिलं तर मी मरेन, पोरी."

"वय झालंय आपलं."

दरबारात कुजबुज झाली. उद्धट आहे, कुणीतरी म्हणालं. राजानं नकार दिला नाही, पानांचं तबक पुढं ओढलं. मग त्यानं एक विडा लावला आणि तिच्या हातावर ठेवला.

"तूच जा. माझ्या वतीनं काय ते मिटव."

त्याला वाटलं, पोरगी बहिणीची सावली घेईल आणि गप्प बसेल. म्हातारे साऱ्यांना आपल्यासारखंच समजतात.

रेवंतीनं विडा तोंडात धरला आणि वाटेत कुणाशी बोलली नाही. बारवेपाशी पिंगळ्यानं करार सांगितला, प्रधानाची कबुली सांगितली. मग ती बोलली, आणि आवाज राजाचा निघाला.

"मी वीरकेतू बोलतो. प्रधानाचा शब्द माझा नव्हता. घेतलेल्या सावल्या मी परत करतो. माझ्या पायाच्या आणि राज्यातल्या साऱ्या म्हाताऱ्यांच्या पायाच्या. मूळ करार तेवढा राहील. आणि तमोनाथा, विडा न बघता तू शब्द घेतलास, तो दोष तुझा."

"दोष मान्य," तमोनाथ म्हणाला. "पण तोंडात रस आहे तोवर विचार कर. कुंदाची सावली कुणाच्या पायाशी आहे, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. बाबांच्या."

"तेवढी वगळू? राजाचं तोंड आहेस तू."

पिंगळ्यानं मान फिरवली. रेवंतीच्या हनुवटीवरून लाल ओघळ उतरला.

"साऱ्या," ती म्हणाली.

पाणी खाली गेलं. घोळक्यातली पोरं डोळे चोळत वेशीकडे निघाली, मेलेले मागं राहिले. चौकात एकेक म्हातारा बसल्या जागी आडवा होत गेला, आणि त्यांच्या पायांखालून सावल्या सुटल्या त्या भिंतींवरून, छपरांवरून, आपापल्या घरी धावल्या.

रेवंती घरी आली. रंगाच्या पिंपाशी बाप कलंडला होता, हात कोपरापर्यंत निळे. शेजारी कुंदा बसली होती, तिच्या पायाशी तिची सावली.

"ताई, बाबा उठत नाहीत गं," कुंदा म्हणाली. आवाज घोगरा होता, पण तिचाच.

"नाही उठणार," रेवंती म्हणाली आणि बापाचे हात धुवायला बसली.

संध्याकाळी चितांचा धूर गावभर पसरला. त्यातून पोरं ओरडत धावत होती. त्यांना गप्प बसा म्हणायला त्या राज्यात त्या दिवशी कुणी उरलं नव्हतं.