करपलेली खीर आणि मोगऱ्याचे तेल

पूर्वी गोदेच्या काठी प्रतिष्ठान नगरात सुवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी थोरला मुलगा होऊन जन्मला. गंधी म्हणजे सुगंधी तेले करून विकणारा. बापाचे नाव भद्रिक. बोधिसत्त्वाचे नाव वसुदत्त ठेवले होते आणि धाकट्या भावाचे पुण्यक. त्यांची आई केव्हाच गेली होती. थोरल्याने लग्न केले नव्हते. धाकट्याच्या लग्नाला वर्ष झाले होते. त्याच्या बायकोचे नाव उत्पला.

या घरात एक रीत होती. तेल तयार झाले की घरातल्या सर्वांत वडील माणसाने त्याचा थेंब मनगटावर घ्यायचा, हुंगायचा आणि "जाऊ दे" म्हणायचे. मग कुपीच्या तोंडावर लाख ओतून घराची मुद्रा उठवायची. तोवर दुसऱ्या कुणी त्या तेलाबद्दल ब्र काढायचा नाही. भद्रिकाचे "जाऊ दे" नगरात चाळीस वर्षे चालत होते. राजवाड्यातसुद्धा त्याची कुपी कुणी पारखून घेत नसे.

त्या वर्षी माघात भद्रिकाला पडसे झाले. पडसे गेले, पण जाताना वासही घेऊन गेले. आठवडाभरात येईल परत, असे त्याला वाटले. तो रोज पहाटे कोठीत जाऊन हिंगाची डबी नाकाशी धरी. बाकी काही नाही तरी हिंग तरी कळेल, अशी त्याला आशा होती. फाल्गुन गेला, चैत्र गेला, हिंग काही कळेना.

त्याने हे कुणाला सांगितले नाही. मुलांना आपण वाढवले, धंदा शिकवला, हे तर खरेच. पण वास न येणाऱ्या गंध्याला घरात कोण कशासाठी विचारील? हा विचार आला की त्याच्या हातातला घास तसाच राही. शेवटी त्याने रीतच थोडी वाकवली. तो मुलांना म्हणू लागला, "आधी तुम्ही सांगा. पाहू तरी तुमचं नाक किती तयार झालंय ते." मुले हुंगत आणि तो त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राही. कुणाची भुवई वर गेली तर म्हणे, "मलाही तेच वाटलं." पुण्यकाला या नव्या पद्धतीचे कौतुक वाटले. वसुदत्त मात्र बाप हुंगताना त्याच्या तोंडाकडे बघू लागला.

वैशाखात उत्पलेचा भाऊ तिला भेटायला आला. तिने दूध चुलीवर ठेवले आणि अंगणात भावाशी माहेरच्या गोष्टी बोलत उभी राहिली. दूध तळाला लागले. दुसरे दूध घरात नव्हते आणि पाने मांडून झाली होती. तिने त्याच दुधाची खीर केली आणि खाली मान घालून वाढली. भावाने एक घास घेतला आणि वाटी जरा दूर सरकवली. पुण्यक पाणी प्यायला. वसुदत्ताने मुकाट्याने वाटी संपवली. भद्रिकाला वाटले, नवी सून आहे, भाऊ समोर बसला आहे, दोन चांगले शब्द बोलावेत. तो म्हणाला, "सूनबाई, अशी खीर या घरात आजवर झाली नव्हती. पाहुण्यांना आणखी वाढ."

उत्पलेच्या हातातला पळा जागीच थांबला.

जाताना भाऊ तिला म्हणाला, "आपल्याकडे चुकलं तर चुकलं म्हणतात. असं पाहुण्यासमोर गोड बोलून मारत नाहीत. पौर्णिमेला गाडी घेऊन येतो. यायचं असेल तर बोचकं बांधून ठेव."

यातले भद्रिकाला काही कळले नाही. त्याला दिसत होते ते एवढेच, की सून आता "मामंजी, पान वाढलंय" याखेरीज काही बोलत नाही. आपण काय बोललो ते तो पुन्हा पुन्हा आठवून पाही. स्तुतीच तर केली होती. कमी पडली की काय?

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तो दुपारी आडवा झाला होता. भिंतीपलीकडे घाण्यावर मुले काम करीत होती. त्यांना वाटले, बाबांचा डोळा लागला.

"दादा, बाबांनी तिच्या भावासमोर तिला टोमणा मारला," पुण्यक म्हणत होता. "अख्ख्या आळीला करपल्याचा वास आला. एकट्या बाबांना आला नाही?"

"टोमणे मारायचा बाबांचा स्वभाव आहे का?" वसुदत्ताने विचारले.

"नाही ना. म्हणूनच म्हणतो. एक तर स्वभाव बदलला, नाही तर नाक गेलं. परवा राजवाड्याचा भांडारी येतोय. मोगऱ्याच्या कुप्यांत साध्या तिळाच्या तेलाची एक कुपी ठेवतो. तिला 'जाऊ दे' म्हणाले की कळेल सगळ्यांना. आणि मुद्रा तुझ्याकडे येईल. नको आहे का तुला?"

वसुदत्ताने काहीतरी उत्तर दिले. पण तेवढ्यात बैल चालू लागला, घाणा करकरला, आणि भद्रिकाला ते ऐकू आले नाही.

तो छताकडे बघत पडून राहिला. खीर करपली होती, हे त्याला आता कळले होते. पण खरे सांगायचे तर आधी त्याला स्वतःचीच भीती वाटली. चाळीस वर्षांचे नाव परवा अंगणात सगळ्यांसमोर जाणार. थोरला काय म्हणाला असेल? हो म्हणाला असेल का? सुनेचा विचार त्याच्या मनात बऱ्याच वेळाने आला, आणि तो आला तेव्हा आपल्याला तो एवढ्या उशिरा आला याची त्याला लाज वाटली.

पौर्णिमेला सकाळी भांडारी आला. राजकन्येच्या लग्नासाठी त्याला तेल हवे होते. घडवंचीवर टेकत तो म्हणाला, "भद्रिकबाबा, नाक लावा आणि मला मोकळं करा. अजून हलवायाकडे जायचंय, आणि तिथे मी घाई करत नसतो."

समोर तीन कुप्या मांडल्या होत्या. दाराआड उत्पला उभी होती. तिच्या पायाशी बोचके होते.

भद्रिकाने पहिल्या कुपीकडे हात नेला. तेवढ्यात बोधिसत्त्व पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, एक विनंती आहे. गिऱ्हाइकासमोर तुम्ही हुंगता आणि आम्ही गप्प बसतो. त्यामुळे तेल करणाऱ्याला कधी जबाब द्यावा लागत नाही. आज हुंगण्याआधी आम्हाला विचारा. कसं केलं ते आमच्या तोंडून वदवून घ्या."

"लांबवू नका म्हणजे झालं," भांडारी म्हणाला.

भद्रिकाने पहिली कुपी हातात घेतली. मग त्याने विचारले, "ही कुणाची?"

"माझी."

"कळ्या खुडल्या केव्हा?"

"दिवस मावळताना."

"सगळ्या?"

"तिसऱ्या दिवशी माळी आला नाही. त्या दिवशीची फुलं सकाळची होती. उमललेली."

"तिळांवर फुलांचे थर किती दिलेस?"

"सात."

"त्यातला एक थर उमललेल्या फुलांचा. मग याला आज वास असेल, पण तो टिकायचा नाही. लग्न चार दिवसांचं. दुसऱ्या दिवशी राजकन्या म्हणेल, मला नुसतं तेल चोपडलं. ही राजवाड्यात जाणार नाही."

भांडाऱ्याने कुपी नाकाशी नेली. "मला तर झकास वाटतंय."

"आज वाटेल. परवा विचारा."

"बाबा म्हणतात ते बरोबर आहे," असे म्हणून बोधिसत्त्वाने आपली सारी मेहनत बाजूला ठेवली.

दुसरी कुपी दोघा भावांनी मिळून केली होती. भद्रिक विचारत गेला. तीळ कुठल्या शेतातले, किती धुतले, फुले रोज बदलली का, बदलताना तिळांना हात कोरडा लावला की ओला. विचारता विचारता त्याची पाठ ताठ झाली. सगळी उत्तरे नीट आली. मग तो तिसऱ्या कुपीकडे वळला.

"पुण्यक, हिला थर किती?"

पुण्यकाने भावाकडे पाहिले, मग जमिनीकडे. "एकही नाही, बाबा. साधं तिळाचं तेल आहे."

भांडारी हसला. "राजकन्येच्या लग्नात गोड अपूप तळायचे आहेत की काय?"

भद्रिकाला सगळे ठाऊक होते. एका वाक्यात तो मुलाला उघडा पाडू शकला असता. तो म्हणाला, "घरात लागतं आम्हाला. बाजूला ठेव."

"मग ही मधली पक्की," भांडारी म्हणाला. "रीतीपुरतं हुंगा आणि म्हणा तुमचं ते 'जाऊ दे'."

भद्रिकाने थेंब मनगटावर घेतला. तेल उत्तम होते, हे त्याला ठाऊक होते. आता "जाऊ दे" म्हणण्यात खोटेही नव्हते. त्याने थोरल्याकडे पाहिले. एरवी बाप हुंगत असताना त्याच्या तोंडाकडे बघणारा वसुदत्त आज मुद्दाम दुसरीकडे बघत होता. त्यावरून भद्रिकाला कळले की याला सगळे माहीत आहे, आणि आजचे नाही, फार आधीपासूनचे. बाहेर बैलगाडी येऊन उभी राहिली. उत्पलेचा भाऊ अंगणात आला.

भद्रिकाने हात खाली घेतला.

"भांडारीबुवा, तेल चांगलं आहे. मुद्रा उठवून देतो. पण वासावरून नाही सांगत. माघापासून मला वास येत नाही."

भांडाऱ्याने मधली कुपी स्वतः हुंगली आणि मुद्रेसाठी पुढे सरकवली. भद्रिक दाराकडे वळला. "सूनबाई, बाहेर ये. तुझ्या भावासमोर तुझं मन दुखावलं, तेव्हा त्याच्यासमोरच सांगतो. खीर करपल्याचं मला कळलंच नव्हतं. मी मनापासून बोललो होतो. आणि कळलं त्यालाही दोन दिवस झाले. तेही सांगायला मी भ्यालो."

उत्पला उंबऱ्यात आली. "थोरले भावोजी म्हणाले होते, टोमणा नव्हता म्हणून. मी ऐकलं नाही." मग तिने विचारले, "खरंच चांगली लागली होती, मामंजी?"

"गोड होती. गूळ कळतो मला अजून."

तिने पदर तोंडाला लावला. भावाला म्हणाली, "बैल सोड. जेवून जा. खीर मात्र नाही करणार."

भांडारी गेल्यावर पुण्यकाने बापाचे पाय धरले. उठल्यावर भावाला म्हणाला, "तुला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

"ते माझं सांगायचं नव्हतं," बोधिसत्त्व म्हणाला. "घाण्यावर तुला एवढंच म्हटलं होतं, की कुपी ठेवायची तर ठेव, पण बाबांनी विचारलं तर खोटं बोलू नकोस."

त्याच दिवशी भद्रिकाने मुद्रा थोरल्याच्या हातात दिली. पुढे त्या घरात नवी रीत पडली. आधी भद्रिक प्रश्न विचारी, मग वसुदत्त हुंगे. नगरातले लोक म्हणत, या घरचे तेल पूर्वीपेक्षा चांगले झाले.

पुढे बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा विहारात सांगितली. तिथे एका वृद्ध भिक्षूला ऐकू येईनासे झाले होते. तो ते लपवी, भलत्या ठिकाणी मान डोलावी, आणि एक तरुण भिक्षू त्याला हसे. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा भद्रिक म्हणजे हे स्थविर. पुण्यक म्हणजे त्यांना हसणारा हा भिक्षू. रोज यांच्या पात्रात अन्न घालणारी उपासिका ती उत्पला होती. आणि वसुदत्त मीच होतो." दुसऱ्याचे उणे कळल्यावर खोटे न बोलता ते झाकणे, आणि त्याला ते स्वतःच्या तोंडाने सांगता येईल एवढी जागा ठेवणे, यालाच करुणा म्हणतात.