सुकमीचा खराटा आणि मोहाची परी

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं बरं का. राजाही नव्हता. होता तो जंगलाच्या कुशीतला पिपरटोला, मूठभर झोपड्यांचा. त्यातल्या अगदी शेवटच्या झोपडीत राहायची सुकमी आणि तिची माय. सुकमी रांगत होती तेव्हाच तिचा बाप देवाघरी गेला. घरात दोन जीव, एक गोधडी आणि दारापुढे एक मोहाचं झाड, एवढाच त्यांचा संसार.

मोहाचं झाड माहीत आहे ना? नाही? मग मांडी घालून बसा आणि ऐका. उन्हाळ्याच्या तोंडाशी, पहाट झाली की हे झाड टपटप टपटप फुलं गाळतं. पिवळसर, रसाळ, गोडगोड, इवलाली फुलं. ती वेचायची, वाळवायची, बाजारात विकायची आणि त्यावर चूल पेटवायची. पण झाडाखाली वाळक्या पानांचा हा ढीग, त्यात फूल दिसायचं कसं? म्हणून टोल्यातली माणसं सरळ काडी लावायची. पानं जळून जमीन काळी झाली की तिच्यावर पिवळी फुलं कशी लख्ख दिसतात. काम सोपं आणि झटपट. घाईच्या माणसांना असली कामं फार आवडतात.

सुकमीला मात्र ते करवायचं नाही. पानांखाली लावा पाखराची चिमुकली अंडी असतात, सरड्याची पिटुकली पिल्लं असतात, त्यांना चटका लागला तर? म्हणून ती खराटा घेऊन पानं हळूच बाजूला सारायची. सगळ्यांच्या टोपल्या भरून घरी जायच्या, तरी हिची झाडलोट सुरूच. शेजारची मैनाकाकी हसायची. काहून गं पोरी, जंगलाला पाहुणे येणार आहेत काय, म्हणायची. हसेना का! सुकमी आपली झाडत राहायची, आणि टोपली अर्धीच भरली तर त्या दिवशी अर्धीच भाकर खायची.

एके दिवशी माय मोहफुलांचं गाठोडं डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावी बाजाराला गेली. नेमकी त्याच दिवशी मैनाकाकीने लावलेली काडी वाऱ्याने उचलली. वारा काय कुणाचं ऐकतो? पानावरून पान पेटत गेलं, झुडपावरून झुडूप, आणि दुपार व्हायच्या आत डोंगराच्या अंगावर वणवा भडकला. आकाश तांबडं-करडं झालं, सूर्य धुरात हरवला.

वनरक्षक फटफटी उडवत आले. घरंदारं सोडा, पोरंबाळं उचला, शेळ्या सोडवा, नाल्यापलीकडच्या शाळेत चला, असं त्यांनी दारोदार सांगितलं. मग काय धांदल उडाली! कुणी कोंबड्या काखेत मारल्या, कुणी म्हाताऱ्या सासऱ्याला पाठुंगळीला घेतलं. सगळा पिपरटोला शाळेच्या पटांगणात येऊन बसला. मोठ्या रस्त्यावर ज्वाळा आल्या, म्हणून तो दोन्ही टोकांना दोर बांधून बंद केला. पाण्याचा टँकर बिचारा रस्त्याच्या पलीकडेच अडकला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

सुकमी एकच विचारत होती, माझी माय कुठे आहे? वनरक्षकांनी फोन करकरून पलीकडे चौकशी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. रस्ता बंद म्हणून माय तिथे थांबली नव्हती. पोर घरी एकटी आहे म्हणत तिने जंगलातली पायवाट धरली होती. ती पायवाट वणव्याच्या मधूनच येत होती.

 पण सुकमी रडत बसली नाही. शाळेच्या ओसरीवरचा खराटा तिने उचलला आणि ती नाल्यापाशी गेली, जिथे ती पायवाट जंगलातून बाहेर येते तिथे. तिथे बसली खाली वाकून, आणि खर्र खर्र पानं झाडायला लागली. माय येईल तेव्हा तिच्या पायाखाली विस्तव नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वाटेच्या तोंडाशी एक म्हातारं मोहाचं झाड होतं. त्याच्या फांदीवरून एक फूल टपकन पडलं आणि जमिनीला न लागता हवेतच थांबलं. फूल उमललं, आणि आतून कोण यावं? बोटाएवढी, नाजुकशी परी! अंगात मोहाच्या पाकळ्यांचा मऊमऊ झगा, पंख कुसुमाच्या झाडाच्या कोवळ्या पालवीचे लालचुटुक, आणि केसांत चमचम करणारी सोनेरी रज.

"सुकमे," परी म्हणाली, "तू माझ्या जंगलाला कधी चटका दिला नाहीस. माग, तुला काय हवं?"

"आग विझव."

परीचे इवले डोळे भरून आले. "माझ्यापाशी दवाच्या थेंबाएवढंही पाणी नाही गं. मला एवढंच येतं, की तुझ्या हातून जे काम चाललं असेल ते मी मोठं करीन. हात थांबला की जादू थांबली. आणि आणखी एक नियम आहे. वाट उघडली की ती सगळ्यांची. जो येईल त्याला येऊ द्यायचं. माझं माणूस आधी, असं म्हणालीस की वाट मिटली."

"मग ही झाडलेली वाट लांब कर," सुकमी म्हणाली. "माय असेल तिथवर."

परीने पंख हलवले. सुकमीने खराटा मारला की जंगलात आत आतपर्यंत पानं सळसळ सळसळ बाजूला होऊ लागली. पांढरीशुभ्र, स्वच्छ वाट ज्वाळांमधून आत गेली. आग दोन्हीकडून वाकून बघायची, पण वाटेवर खायला पानच नाही, करणार काय?

वाटेवरून कुणीतरी येत होतं. सुकमीचा जीव डोळ्यांत आला. ती होती ठिपक्याठिपक्यांची हरणं. मग मोर आले, मग माकडिणी पिलांना पोटाशी धरून आल्या, आणि मागून एक भलंमोठं अस्वल. त्याने सुकमीकडे पाहिलं, सुकमीने त्याच्याकडे. तिने खराटा न थांबवता बाजूला सरकून त्याला जागा दिली. मग आलं एक कासव. टुक, टुक, टुक. अरे देवा! मी असते तर म्हटलंच असतं, उचल बाबा पाय, माझी माय आत आहे. सुकमीने ओठ चावला, धुराने चुरचुरणारे डोळे पुसले आणि ती झाडत राहिली.

तिच्या हातांना फोड आले. खराट्याच्या काड्या गळायला लागल्या. वरून जळती पानं वाटेवर पडू लागली, आणि वाट पलीकडून आखडत यायला लागली.

तेवढ्यात तिच्या शेजारी कुणीतरी पळसाची हिरवी फांदी घेऊन उभं राहिलं. मैनाकाकी होती ती. तिची मान खाली होती.

"पोरी, काडी माझी होती," ती म्हणाली.

सुकमीने तिच्याकडे पाहिलं. "काकी, तुम्ही तिकडून झाडा. मी इकडून झाडते."

बस, एवढंच. काकीला हुंदका आला, पण तिने फांदी चालवली. मग आणखी एकजण आला, मग आणखी एक. वनरक्षकही आले. बघता बघता सगळा पिपरटोला झाडायला लागला, आणि परीने सगळ्यांच्याच हातचं काम मोठं केलं. वाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी झाली, मग शेताएवढी. आग पुढे यायची आणि जमीन चाटून मागे फिरायची. खायला काहीच मिळेना तशी ती आपोआप बसत गेली.

आणि वाटेवरून माय आली. तोंड काजळीने काळं, लुगड्याचा काठ जळालेला, पायांत चप्पल नाही. छातीशी मात्र एक पुडी घट्ट धरलेली. लेकीसाठी घेतलेले शेव-मुरमुरे.

इतका वेळ न रडलेली सुकमी आता भोकाड पसरून रडली. माय पण रडली. माय म्हणाली, धुरात मला काही दिसत नव्हतं, तेवढ्यात पुढ्यात ही वाट उघडली आणि मी चालतच राहिले.

सांज झाली. शाळेच्या ओसरीवर सुकमी मायच्या मांडीवर पडली होती. परी हलकेच तिच्या उशाशी उतरली. "आता एक इच्छा फक्त तुझ्यासाठी," ती कानात म्हणाली. "काहीही माग."

सुकमीने खूप विचार केला. मघाशी सगळ्यांबरोबर वाटून खाल्लेले मुरमुरे आठवले, झोपडी आठवली, अर्धी टोपली आठवली. मायचा हात तिच्या केसांतून फिरत होता.

"मला काही सुचतच नाही," ती झोपाळू आवाजात म्हणाली.

"बरं, मग माझ्या मनानं देते," परी हसली. तिने सुकमीच्या फोड आलेल्या तळव्यांवर फुंकर घातली आणि ते मऊसूत झाले. नाल्यापलीकडे पिपरटोल्याच्या सगळ्या झोपड्या जशाच्या तशा उभ्या होत्या, आणि सुकमीच्या दारातला मोह त्या वर्षापासून दुप्पट फुलं द्यायला लागला तो लागलाच. परी पंख पसरून वर गेली, वर गेली, आणि सोनेरी उजेडाचं एक कारंजं होऊन आभाळात विरून गेली. क्षणभर सगळं पटांगण उजळून निघालं.

"कसला उजेड गं हा?" मायने विचारलं.

 पण मायचा पदर मुठीत घट्ट धरून सुकमी केव्हाच झोपली होती.