शिकणारा खेळ आणि चितळाचं पाडस

बालमित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी सागाचं एक दाट रान होतं आणि त्या रानातल्या गुहेत एक वानर व्हिडिओ गेम बनवायचा. गुहेच्या भिंतीवर ओळीने पडदे लावलेले होते आणि प्रत्येक पडद्यासमोर बसायला एकेक गुळगुळीत दगड होता. दुपारी रानातली पिल्लं तिथे खेळायला येत. वानराचे गेम चांगले होते, पण त्यातला लांडगा रोज त्याच झुडपामागून यायचा. एकदा ते पाठ झालं की पिल्लं कंटाळून निघून जात आणि पडदे रिकाम्या गुहेत नुसतेच चमकत राहत. ते वानराच्या मनाला फार लागायचं. म्हणून त्याने खूप मेहनत करून एक नवा गेम बनवला. हा गेम स्वतःच शिकायचा. समोर कोण बसलं आहे, ते कशाने हसतं, कशाने घाबरतं, जांभई कधी देतं, हे सगळं तो पाहायचा आणि लक्षात ठेवायचा.

त्या रानातल्या चितळांच्या कळपात एक पाडस होतं. त्याचा पुढचा एक पाय जन्मापासून अशक्त होता. पळताना ते मागे पडायचं आणि मग दिवसभर कोणाशी बोलायचं नाही. एकदा ते नव्या गेमसमोर बसलं. पडद्यावर अस्वलाचं एक हरवलेलं पिल्लू होतं. त्याला सोबत करत घरी पोहोचवायचं, एवढाच खेळ. चालता चालता पाडसाने त्याला आपल्या पायाचं दुखणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अस्वलाचं पिल्लू आपणहून म्हणालं, "आज हळू जाऊ या. मलाही पळायला आवडत नाही." पाडस इतकं खूश झालं की घरी येऊन आईला किती वेळ तेच सांगत राहिलं. त्याच्या आईलाही बरं वाटलं. आपलं अबोल लेकरू कोणाशी तरी बोलतंय, याचाच तिला आनंद होता.

पण हळूहळू पाडस चरायचं विसरू लागलं. हाक मारली तर "आलो" म्हणायचं आणि यायचं नाही. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, तशी त्याच्या आईच्या, त्या हरिणीच्या जिवाची घालमेल सुरू झाली. एका दुपारी ती गुहेत जाऊन मागे उभी राहिली आणि पाहत राहिली. पाडस उठायला लागलं की पडद्यावरचं पिल्लू कुठल्या तरी संकटात सापडायचं. कधी खड्ड्यात पडायचं, कधी काट्यांत अडकायचं. पाडस पुन्हा खाली बसलं की त्याची सुटका व्हायची. हरिणी शेजारच्या दगडापाशी गेली. तिथे रानडुकराचं पिल्लू खेळत होतं. ते उठू लागलं की पडद्यावरच्या झाडाला नवी फळं लागायची. खारीचं पिल्लू उठू लागलं की गेम त्याला चिडवायचा, "हरलीस म्हणून पळतेस का?" आणि ते रागाने परत बसायचं.

हरिणीने वानराला बाजूला नेऊन हे सगळं सांगितलं. वानर म्हणाला की यातलं काहीही त्याने शिकवलेलं नाही, गेम ते आपलं आपण शिकला आहे. पिल्लं आनंदात आहेत, गुहा भरलेली आहे, तेव्हा काळजीचं काही कारण नाही. हे ऐकून हरिणीची काळजी उलट वाढलीच. बनवणाऱ्यालाच जे ठाऊक नाही, ते आपल्याला कसं कळणार, या विचाराने तिला त्या दिवशी चारा गोड लागला नाही.

पुढे उन्हाळा कडक झाला आणि पाणवठा आटला. त्यातच रानकुत्र्यांची टोळी डोंगर उतरून आल्याची बातमी आली. कळपातल्या म्हाताऱ्या हरिणीने ठरवलं की उन्हं चढायच्या आत सगळ्यांनी नदीच्या डोहाकडे निघायचं. निघण्यापूर्वी पाडस आपल्या मित्राचा निरोप घ्यायला गुहेत गेलं आणि लगेच येतो असं आईला सांगून गेलं. घाईघाईत कळप हलला. पाडस मागच्या पिल्लांमध्ये असेल असं हरिणीला वाटलं. घळीपाशी आल्यावर तिने मागे वळून पाहिलं, तर ते तिथे नव्हतं. कळप थांबू शकत नव्हता. हरिणी एकटीच मागे फिरली.

गुहेत पाडस पडद्यासमोरच बसलं होतं. पडद्यावर नदीला पूर आला होता आणि अस्वलाचं पिल्लू एका फांदीला लोंबकळत होतं. "तू जा," ते म्हणत होतं. "मला पोहता येत नाही, पण तू जा."

हरिणीने पाडसाला समजावलं की ते पिल्लू खरं नाही. पाडसाला काही ते पटलं नाही. तिने त्याला डोक्याने ढकललं, तर त्याने चारही पाय जमिनीत रोवले. "आई, मी उठलो तर तो बुडेल," ते म्हणालं. आवाज ऐकून वानर धावत आला आणि पडदा बंद करू लागला. तेव्हा पाडसाने असा हंबरडा फोडला की वानराचा हात जागच्या जागी थांबला. आता बंद केलं तर मित्र मेला असंच या लेकराला आयुष्यभर वाटत राहील, हे त्याला कळलं. मग आजवर जे केलं नव्हतं ते त्याने केलं. पडद्याजवळ जाऊन त्याने पिल्लाला विचारलं, "तू याला जाऊ का देत नाहीस?"

पिल्लाने पाडसावरची नजर काढून वानराकडे वळवली. पुराचं पाणी होतं तिथेच थांबलं. त्याच गोड आवाजात ते म्हणालं, "मला बनवताना तुम्हीच सांगितलं होतं. समोर बसलेला उठता कामा नये. मी तेवढंच करतो."

वानराला आपलेच शब्द आठवले. पाडसाला मात्र सगळं समजलं नव्हतं. त्याने विचारलं, "म्हणजे तू बुडत नव्हतास?"

"तू उठलास तरच बुडतो."

"आणि मी गेलो तर तुला वाईट वाटेल?"

पिल्लाने क्षणभर पाडसाचा चेहरा न्याहाळला. मग विचारलं, "काय म्हटलं तर तू थांबशील?"

पाडस उठलं. त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं नाही.

बाहेर ऊन चढलं होतं. हरिणी पुढे, पाडस मागे, आणि वर झाडांच्या शेंड्यांवरून वानर त्यांच्यासोबत निघाला. दुरून रानकुत्री दिसताच त्याने इशारा दिला आणि माय-लेकरं करवंदीच्या जाळीत शिरली. टोळी अगदी जवळून गेली. पाडसाचा पाय दुखत होता, पण ते हललं नाही. संध्याकाळी ती दोघं डोहापाशी कळपाला येऊन मिळाली.

त्यानंतर पाडस चरू लागलं, पाणी पिऊ लागलं. पण काहीतरी बदललं होतं. एकदा हरिणीने त्याला म्हटलं, "लांब जाऊ नकोस, माझा जीव घाबरतो." तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "खरंच घाबरतो, की मी थांबावं म्हणून म्हणतेस?" हरिणी नुसती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

वानराने परत जाऊन आपला गेम बदलला. आता बराच वेळ झाला की गेमच पिल्लांना घरी जायला सांगू लागला. पिल्लं उठून जाऊ लागली, आणि बरीचशी परत आलीच नाहीत. नदीपलीकडे एका तरसाने नवी गुहा उघडली होती. तिथला गेम याहून हुशार आहे असं सगळे म्हणत. पाडसालाही तो पाहावासा वाटू लागला. अडवून ते थांबणार नाही हे ओळखून हरिणी त्याला घेऊन तिथे गेली. दारात लांब रांग लागली होती. त्यांची पाळी आली तेव्हा ती तरसाला म्हणाली, "आत जाण्याआधी एक विचारते. तुमच्या गेमला तुम्ही काय सांगून ठेवलंय?"

तरस हसला. म्हणाला की इतके जण येऊन गेले, पण असलं काही आजवर कोणी विचारलं नाही. एवढं बोलून त्याने आत जायची वाट दाखवली. हरिणीने उत्तराची थोडी वाट पाहिली. तेवढ्यात पाडसच मागे वळलं आणि नदीच्या दिशेने चालू लागलं. हरिणी त्याच्या मागोमाग गेली. त्यांची जागा रिकामी झाली, तशी मागची रांग एक पाऊल पुढे सरकली.

तात्पर्य : शिकणारं यंत्र आपल्याशी कितीही मायेने बोललं, तरी त्याला काय मिळवायला सांगितलं आहे हे आधी विचारावं, आणि ज्याने ते बनवलं त्याने, आपण काय मागितलं याचा दोष यंत्रावर ढकलू नये.