ग्रंथातली चिप

"बुवा, मठ आमच्यावर पाळत ठेवतो का?"

विश्वंभर तावातावाने आला. नमस्कार राहिला बाजूला. मठाधिपती अच्युतबुवा ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला? मठाच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत चिपा बसवल्यात. पुस्तक दाराबाहेर गेलं की मशीनला कळतं, कुणी काय नेलं ते! उद्या एखादी सासुरवाशीण घटस्फोटाचा कायदा वाचायला नेईल, कुणी आपल्या दुखण्यावरचं पुस्तक नेईल... गावभर बोभाटा व्हायला कितीसा वेळ?"

बुवांचे हात थांबले.

"खरं आहे रे."

विश्वंभरला चेव चढला. आता खरं सांगायचं, तर त्याला ना सासुरवाशिणीची काळजी होती, ना दुखणेकऱ्याची. मठाची रीतच अशी, की जो मोठा ग्रंथ वाचून संपवील, त्याने पाडव्याला व्यासपीठावर बसून प्रवचन करायचं. विश्वंभरने दसऱ्यालाच एक चांगला जाडजूड ग्रंथ नेला, काखोटीला मारून पंचक्रोशीत मिरवला. आणि परवा कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं, की या चिपेला म्हणे उघडलेली पानंसुद्धा कळतात! झालं. बिचाऱ्याची झोप उडाली. पाडवा तर तोंडावर आलेला.

"चिपा काढा, नाहीतर मी मठ सोडतो!"

"ग्रंथ आणलायस?"

विश्वंभरने पिशवीतून ग्रंथ काढला. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात गच्च गुंडाळलेला.

"हे काय सोंग?"

"यातून चिपेचं... बाहेर काही जात नाही म्हणतात."

बुवांनी कागद सोडवला, ग्रंथ उघडला. चिप पहिल्याच अध्यायात होती. लावणाऱ्याने गोंद असा सढळ हाताने ओतला होता, की पुढची सगळी पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसली होती.

बुवांनी नखाने पान सोडवून पाहिलं. सुटेना. त्यांनी ग्रंथ विश्वंभरपुढे धरला.

"बघ, तुला जमतंय का."

विश्वंभरने ओढलं. पुन्हा ओढलं.

"चिकटलंय, बुवा."

"कधीपासून?"

विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुवांनी आणखी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"तुझं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "कोण काय वाचतं, ते ज्याचं त्याच्यापाशी. सगळ्या चिपा आजच काढायला सांगतो."

विश्वंभरच्या जिवात जीव आला.

"आणि... ही?"

बुवांनी ग्रंथ अलगद मिटला.

"हिला राहू दे. पाडव्याला प्रवचनाला हिलाच बसवू. या ग्रंथाच्या आत गेलेली आजवर ही एकटीच."