पूर्ण सक्षम

डॉ. केंजळेबाईंनी सांगलीत उभं आयुष्य मोतीबिंदू काढण्यात घालवलं. मग उजवा हात थरथरू लागला आणि ऑपरेशनं बंद झाली. स्वतःचा व्यवसाय करता आला नाही तर भरपाई मिळेल, असं त्यांच्या विमा पॉलिसीत लिहिलं होतं. विकताना कंपनीनं हेच शंभरदा ऐकवलं होतं. आता मात्र कंपनीचे नाडगौडा साहेब खुर्चीत रेलून, एक डोळा चोळत म्हणाले, "तुमचा व्यवसाय म्हणजे डॉक्टरकी. चष्म्याचे नंबर काढा, कॉलेजात शिकवा. आमच्या दृष्टीनं तुम्ही पूर्ण सक्षम आहात."

बाईंनी त्यांच्या लाल डोळ्याकडे पाहिलं. "बुबुळावर कण रुतलाय, साहेब. सुईच्या टोकानं काढावा लागेल. मान मागे टेका, मिनिटाचं काम आहे."

पर्समध्ये जुन्या सवयीनं सुई असायचीच. बाईंनी वेष्टन फोडलं आणि ती साहेबांच्या पापणीपाशी नेली. सुई वाऱ्यातल्या गवतासारखी हलत होती. साहेबांची खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली.

"नको, नको. मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो."

"का? आत्ताच तर मला पूर्ण सक्षम म्हणालात."

साहेबांनी दावा मंजूर केला. खाली कारकुनासमोर बाईंनी दोन्ही हातांनी पेन धरून सही केली. त्यानं ती पॉलिसीवरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली.

"मॅडम, सही जुळत नाही."

"जुळली असती," बाई म्हणाल्या, "तर तुमच्या दारात कशाला आले असते?"