टोपलीची भूक

भांडी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. गिरिजाकाकूंच्या नवऱ्याचा पगार कमी झाला आणि वाण्याकडचं सामान निम्म्यावर आलं. अर्धवट भरलेल्या डब्यांत भांडण जुंपलं.

"तेलच फार लागतं या घरात!" साखरेचा डबा म्हणाला.

"आणि तुला काय नुसत्या मुंग्या खातात?" तेलाची बरणी तडकली.

कोपऱ्यातली केराची टोपली गालातल्या गालात हसली. तिचं पोट रोज न चुकता भरत असे. "खर्च तुमच्यापायी होतो रे," ती म्हणाली. "मी कधी काही मागितलंय?"

दुसऱ्या दिवशी काकू दोडका सोलायला बसल्या. टोपलीने सवयीने आ केला. पण शिरा गेल्या तव्यावर, आणि तीळ-खोबरं घालून त्यांची चटणी झाली. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत पडल्या. तूप कढवून उरलेली बेरी कणकेत मळली गेली. कालच्या पोळ्या कुस्करून काकूंनी फोडणीला टाकल्या, तेव्हा असा काही वास सुटला की डबे भांडण विसरले. टोपली डोळे विस्फारून पाहतच राहिली. हे सगळं इतकी वर्षं आपल्याच पोटात जात होतं, आणि आपल्याला त्याची चवसुद्धा कळली नव्हती!

काका बोटं चाटत म्हणाले, "अगं, सामान तर निम्मंच आणलं होतं. मग एवढं आलं कुठून?"

काकूंनी नुसतं कोपऱ्याकडे पाहिलं. पाठोपाठ सगळे डबेही तिकडे वळले. टोपलीने हळूच तोंड मिटलं.

घरात जास्त कोण खातं, हा प्रश्न मग पुन्हा कुणी काढला नाही.