धोंडबा कासवाची न चुकलेली वाट

हे कुणाला सांगायचं नाही असं आईने मला बजावलं होतं, पण राहवत नाही.

फार पूर्वीच्या एका उन्हाळ्यात तळं आटलं, तेव्हा धोंडबा कासव आपल्या लेकाला, खडकूला घेऊन नदीकडे निघाला. वाट आठ दिवसांची होती आणि मध्ये कुठे पाण्याचा थेंब नव्हता.

“माझ्यामागून ये. मी कधी वाट चुकत नाही,” धोंडबा म्हणाला.

पाचव्या दिवशी शेळ्यांचा कळप अंगावर धावत आला. दोघांनी पटकन मान आत घेतली. एका शेळीची लाथ बसून धोंडबा भोवऱ्यासारखा अर्धा फिरला. कळप गेल्यावर त्याने डोकं बाहेर काढलं आणि तो समोरच्या दिशेने ऐटीत चालू लागला, म्हणजे थेट आटलेल्या तळ्याकडे.

“बाबा, आपण परत मागे...”

“बापाला वाट शिकवतोस?”

खडकूची जीभ कोरडी पडली होती. वाद घालत बसलो तर नदी काही दिसत नाही, हे त्याने ओळखलं. तो एकदम ओरडला, “बाबा, कुत्रा!”

धोंडबा क्षणात पाठीत गडप झाला. खडकूने डोक्याने रेटून रेटून त्याचं तोंड नदीकडे वळवलं. “गेला कुत्रा. या बाहेर.”

आठव्या दिवशी नदी आली. पोटभर पाणी पिऊन धोंडबा म्हणाला, “बघितलंस? एकदा तरी चुकलो का?”

“छे हो, बाबा.”

“पण काय रे, तो कुत्रा भुंकला कसा नाही?”

खडकू हळूच खोल पाण्याकडे सरकला आणि म्हणाला, “बाबा, त्याचं असं झालं, तो कुत्रा...”

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आलेच!